कोणाच्या हाताखाली किती पडले

४ फेब्रुवारी
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
पत्र कामाचं आहे. वर्षभरात आमच्या हॉस्पिटलात एकतीस रुग्ण पडले, कोणी पलंगावरून, कोणी चालताना. त्यातले चौदा चिमणीकडचे. चिमणी म्हणजे माझ्या हाताखालची नर्स. आवाज तसा आहे. साहेब म्हणतात, निष्काळजी आहे, मार्चअखेर काढून टाकू. मला पटत नाही, पण पटत नाही हा काही पुरावा नव्हे. तू संख्याशास्त्र शिकवतोस, तर मला शिकव. करून देऊ नकोस; साहेबांपुढे बैठकीत उभी मी राहणार आहे. चाळिशीत सायकल शिकले तेव्हा हसलास, आता पन्नाशीला हवं तेवढं हसून घे.
माया आहेच, उत्तर लवकर धाड.
तुझी ताई

११ फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
हसून झालं. तीन दुवे पाठवलेत, तिन्ही फुकट. पहिला ऑनलाइन अभ्यासक्रम. बाई सावकाश शिकवतात, तुझ्यासारख्या धपाटे घालत नाहीत. दुसरं वहीसारखं पान आहे: वर प्रोग्रामच्या ओळी लिहायच्या, खाली आलेख उमटतो. तिसरा प्रश्नोत्तरांचा मंच. तिथले लोक खेकसतात, पण उत्तर चोख देतात. रुग्णांची नावं कुठेही टाकू नकोस. आणि नुसते पडलेले मोजू नकोस, न पडलेलेही मोज.
लोभ असावा, धपाटे नसावेत.
तुझा धाकटा

२६ फेब्रुवारी
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
प्रोग्राममधल्या एका स्वल्पविरामापायी रडकुंडीला आले. मंचावर एकानं खडसावलं की चूक झाली की पडद्यावर संदेश येतो, तो आधी नीट वाचा. वाचला, त्याचंच खरं होतं.
अकराशे रुग्णांच्या नोंदी भरल्या आणि वयाप्रमाणे वेगळ्या केल्या. सत्तरीपुढचे शंभरात पाच पडतात, बाकीचे शंभरात एक. चिमणीकडे तेवढेच, इतरांकडेही तेवढेच! फक्त तिच्याकडे म्हातारे फार. का? तर ड्युटी मी लावते. ती कुरकुरत नाही, म्हणून दर महिन्याला तिलाच म्हाताऱ्यांच्या वॉर्डात टाकलं. बैठकीत हेही सांगणार आहे.
तब्येतीला जप.
तुझी ताई

३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
आकडे तपासले, चोख आहेत. पण ड्युटीचं बोलली नाहीस तरी चिमणी सुटेल. मेट्रनच्या जागेसाठी तुझं नाव आहे ना? हे भाऊ म्हणून लिहितोय. मास्तर म्हणून लिहायला धजावलो नसतो.
रागावलीस तरी लोभ राहू दे.
तुझा धाकटा

१६ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
रागावले नाही, ऐकलंही नाही. आलेख पाहून साहेबांनी तेच विचारलं, की सगळे म्हातारे हिच्याच गळ्यात कोणी घातले. मी म्हटलं, मी.
चिमणीची नोकरी राहिली. मेट्रनची जागा दुसरीला गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चिमणीची माफी मागितली तर ती म्हणाली, तिला वाटायचं की ती चांगली नर्स आहे म्हणूनच मी तिला तिथे पाठवते.
ड्युटीचा नवा तक्ता लावलाय. त्या वॉर्डात आता सगळ्या आळीपाळीनं जाणार. पहिला महिना माझा.
मुलांना पापा. तुझ्यावरचा लोभ काही कमी होत नाही, काय करू!
तुझी ताई