नमस्काराचीबी चोरी

झरी,
गुरुवार, सकाळचा च्या झाल्यावर

राणीसावरगावच्या विहीणबाई शिवकन्याबाईंना सिद्धम्माचे शरणार्थ.

तबियत कशी हाय? गुडघा वाकायलाय का अजून रुसूनच बसलाय? व्याहीबुवांचा खोकला, म्हशीचं दूध, सुनेचे रुसवेफुगवे, समदं सावकाश कळवा. इकडं खुशाल. खरं तर फोनच केला असता, पण फोनवर बोललेलं तुमच्या लेकीला सांजच्या आत कळतं (कसं, ते बसवण्णा देवालाच ठावं). म्हणून कागद घेऊन बसले.

तर झालं असं, की आमच्या बसूनं आन् तुमच्या त्रिवेणीनं पुण्याहून माझ्या गळ्यात घालायला एक यंत्र आणलं. कुंकवाच्या डबीएवढं. म्हातारं माणूस पडलं की ते आपोआप बसूला फोन लावतं, आन् बसू त्याच्यातूनच बोलतो. मी म्हणलं, बाबा, गळ्यात आधीच इष्टलिंग हाय, त्याची पूजा करता करता सकाळ जाते, आता हे दुसरं कशाला? तर त्यानं अटच घातली. झरीत एकटीनं राहायचं तर हे गळ्यात पाहिजे, आन् एकदा जरी पडलीस तर घराला कुलूप लावून पुण्याला न्यायचं. पुणं म्हणजे तो सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, जिथं शेजारीण आपलं तोंड दिसायच्या आत दार लावून घेते (तुमी महिनाभर राहून आलात, तुमाला मी काय सांगावं). इथं मठापस्तोर गेलं तर वाटंत चार घरी च्या होतो. मला मरंस्तोर इथंच राहायचंय, विहीणबाई. म्हणून गुमान घातलं.

चार दिवसांनी मठात स्वामीजी आले. पादपूजा झाली, माझा नंबर आला. मी आपली रीतीप्रमाणं गुडघे टेकले, कपाळ टेकलं आन् डोळे मिटून जरा तशीच राहिले. यंत्राला वाटलं, गेली म्हातारी. स्वामीजींच्या पायापासून बसूचा आवाज आला, "आई, हलू नगंस! कुठं लागलं?" स्वामीजींनी दोन्ही पाय परातीतून वर घेतले. मागच्या बायांना वाटलं पायच बोलले, त्यांनी पुन्यांदा लोटांगण घातलं. मला इतकी लाज वाटली, की मी डोकं वरच काढलं न्हाई आन् तोंडबी उघडलं न्हाई. इथंच चुकलं. बसूनं घाबरून शेजारच्या सविताला फोन केला, आन् परभणीहून अँब्युलन्स बोलावली. सविता पळत माझ्या घरी गेली आन् दगडानं कुलूप फोडून आत शिरली. (बाहेरून कुलूप लावून मी आत कशी पडणार, हे तिनं अजून सांगितलं न्हाई.) अँब्युलन्सला गावानं वाट दाखवली, ती थेट मठातच आली. आलोच हाव तर बिगर तपासता कसं जावं, म्हणून त्यातल्या नर्सबाईनं समद्यांचंच बीपी बघितलं. माझं एखाद्या पोरीसारखं निघालं, आन् स्वामीजींचं एकदम वर. तवापासून मठातला प्रसाद अळणी असतो, लोणचं बंद. गाव त्याचंबी खापर माझ्यावरच फोडायलंय.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बसू एरवी फोन करतो इतवारी, तोबी एक डोळा टीव्हीवर ठेवून. नमस्कार घातला की मात्र लगीच! मंग काय, माझी भक्ती लय वाढली. सकाळी मारुतीला, सांजच्याला तुळशीला. एकदा तर पोस्टमनपुढंच गुडघे टेकले, तो बिचारा दोन दिवस आमच्या गल्लीत फिरकला न्हाई. लेकरू हापिसातली मिटिंग सोडून धापा टाकत बोलायचं, आन् मी विचारायची, जेवलास का रं? मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू! पुढं त्यालाबी कळलं. आता तो घाबरत न्हाई. "आई, नमस्कार का?" म्हणतो, मी हो म्हणते, "माझाबी सांग" म्हणतो आन् ठिवून देतो.

यंत्र मात्र वाईट न्हाई हां. गोळीची आठवण करतं, लय वेळ बसून राहिलं तर गुरगुरतं. तुमालाबी तसलंच यायलंय म्हणून त्रिवेणी बोलली. नगं म्हणू नका. लेकरं लांब हायेत, त्यांच्या जिवाला तेवढाच आधार.

व्याहीबुवांना शरणार्थ, नातवंडांचे गालगुच्चे घ्या.

तुमची विहीण,
सिद्धम्मा

ता. क. — सोमवारी न्हाणीत पाय घसरला. खरीच पडले. कंबरेतून अशी कळ निघाली की डोळ्यापुढं अंधारीच आली. यंत्रानं आपलं काम चोख केलं, बसूचा फोन लगीच आला. "आई, नमस्कार का?" मी म्हणलं, हो बाबा, नमस्कारच.

ता. क. दुसरा — उठताना भिंत धरावी लागायलीय. सविताला कळू दिलं न्हाई. तुमी आठ दिवस या. लेकीला सांगा, सुनेशी भांडण झालं म्हणून चालले. ती लगीच खरं धरंल. आल्यावर मला गुपचूप दवाखान्यात न्या. आन् गळाभेट जरा हळू घ्या.

ता. क. तिसरा — माझ्या गळ्याची आण हाय, हे पत्र बसूला दाखवायचं न्हाई. पण तुमचं येणं जमणारच नसंल, तर दाखवा. काल रातभर कूस वळता आली न्हाई, लय भ्या वाटायलंय.