दर आठवड्याचं जहाज

प्रिय ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे. अक्षर वाकडं दिसेल, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. भाचीला दात आले का?

पोलादात मिसळायचं मँगनीज पूर्वी महिन्याला एका जहाजानं यायचं. आता दर आठवड्याला बंदरात जहाज लागतं आणि आम्ही हमाल ते उतरवतो. बाहेरचा माल स्वस्त पडतो, म्हणून इथली मँगनीजची भट्टी बंद पडली. परवा तिथले कामगार सळया घेऊन बंदराच्या गेटवर आले. माल घेऊन निघालेल्या पहिल्याच ट्रकची काच फोडून त्यांनी ड्रायव्हरला केसांना धरून खाली ओढलं आणि तुडवलं. मी सोडवायला धावलो.

माझ्यावर सळई उगारली ती आमच्या खालच्या खोलीतल्या भट्टीवाल्यानं. माझी खोली त्याचीच, आणि जेवतोही मी त्याच्याच घरी. मला ओळखून तो थबकला. "तू कशाला मधे आलास रे?" म्हणाला, आणि तरी मारलंच. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग त्यानं तीच सळई ड्रायव्हरच्या डोक्यात घातली. ड्रायव्हर जागीच गेला, ताई.

पोलिसांनी विचारलं, तेव्हा मी त्याचं नाव सांगितलं. नुसता माझा हात मोडला असता, तर नसतं सांगितलं.

आज त्याची बायको ताट घेऊन वर आली. डोळे सुजलेले. ताट ठेवून म्हणाली, "भावजी, जेवून घ्या आणि खोली सोडा."

मी जेवलो.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. मी खोली बदलतोय, एवढंच सांग. दाजींना नमस्कार.

तुझाच,
धाकटा