रेहानाचा तकाफुल

४ नोव्हें., मंगळ.
देऊळघाटहून रेहाना आली. माझे ब्लाऊज शिवते, पण आज पिशवीतून कागद निघाले. नवरा सलीम मस्कतला ट्रक चालवतो, त्याने तिथे तकाफुल घेतलंय. म्हणजे इस्लामी पद्धतीचा विमा. सगळ्यांनी दान म्हणून एका निधीत भर घालायची, ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून मदत. चांगली गोष्ट. पण मुदत वीस वर्षं! यंदा कायमचा घरी येणार होता. आता म्हणतो, हप्ते भरायचे तर इकडेच राहावं लागेल.
"वीस साल मी फोनवरच संसार करू का, मॅडम?"
विमा ऑफिसात तीस वर्षं काढलीत मी. कागद ठेवून घेतले.

५ नोव्हें.
रद्द करायची मुदत ३० दिवस. सही होऊन बेचाळीस झाले. फोन करून सांगितलं, संपलं. मला जेवण गेलं नाही.

६ नोव्हें.
मी गाढव आहे. कलम पुन्हा वाचलं. करारपत्र हातात पडल्यापासून तीस दिवस! जन्मभर सही-शिक्क्याची तारीख मोजली, दुसरं काय होणार. सलीम तेव्हा लांब वाळवंटात साइटवर, पाकीट कॅम्पच्या ऑफिसात पडून. घेतल्याची सही तिथल्या रजिस्टरात आहे. पानाचा फोटो मागवला. तेवीसच दिवस झालेत. ह्यांना दुपारच्या झोपेतून उठवून सांगितलं. चिडले. चिडू देत.

७ नोव्हें., शुक्र.
नवीन खूळ. एजंटाने सलीमच्या डोक्यात भरवलंय, दान परत मागणं गुनाह. सलीम अडून बसला. हे काही माझ्या खात्यातलं नव्हे, म्हणून रेहानाबरोबर देऊळघाटला मशिदीतल्या हाफिजजींकडे गेले. जुम्म्याची नमाज उरकून बसले होते. कलम ऐकून हसले.
"बाजारातून बैल आणतो तवा काय म्हनतो आपन? तीन दिवस जुपून पाहीन, नाही पटला त वापस. याले खियार म्हनतात, शरियतमधी हाय. कंपनीनं सवताच शर्त लिहून देली. मंग गुनाह कायचा?"
तिथूनच सलीमला फोनवर ऐकवलं. तो नुसता 'जी, जी'. रद्द करायचा अर्ज मी सांगितला, त्याने लिहिला. पोच घ्यायला लावली.

१२ नोव्हें.
माझ्याकडे बसलेली असताना रेहानाला एजंटाचा फोन. "अब कुछ नहीं हो सकता." मी फोन घेतला. म्हटलं, कलम अकरा वाचा, मोठ्याने. वाचलं बिचाऱ्याने. मग म्हणाला, "अर्जी आगे भेजता हूँ." निवृत्तीच्या सत्कारालाही एवढी मजा आली नव्हती.

१९ नोव्हें.
रद्द!! लेखी आलं. भरलेलं सगळं परत. रेहाना शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली, ईद नसताना. ह्यांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि विजय स्वतःचाच असल्यासारखे शेजाऱ्यांना सांगत सुटले. मी आज कुणाचंच ऐकणार नाही, फार खूश आहे.

२१ नोव्हें.
रेहाना बाजारात भेटली. स्टँडपर्यंत बरोबर गेले. सलीमचं तिकीट काढलं का, विचारलं.
"पाहतो म्हने."
गाडी लागली. ती चढली नाही लगेच.
"मॅडम, इतके दिस वाटे, त्या कागदानंच त्याले अडवून ठेवलं. आता कागद नाही."
येईल गं, म्हटलं.
"हाव. आता आला, त आपल्या मनानं येईन."