नव्या मिश्रणाचा गोळा

मंगळवार, दुपार

ठकूस आजीचा आशीर्वाद.

गुडघे सोडले तर मी बरी आहे. तुझा बाप समोर बसून सांगतोय आणि मी लिहितेय. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे.

तो म्हणतो, शुक्रवारी कारखान्यात चौकशी आहे. ये, आणि साहेबांना सांग की धातूच खराब होता. तू तिथल्या प्रयोगशाळेत होतीस, तुझं ऐकतील. मग डोळे बरे झाले की त्याला परत प्रेसवर घेतील.

हे झालं त्याचं. आता माझं ऐक.

तू त्याला बजावलं होतंस. मी भांडी घासत होते, बहिरी नव्हते. "बाबा, नव्या अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन जास्त आहे. जुन्याच आचेवर ठेवलंत तर आतून फार वितळेल. गोळा उभा दिसेल, पण दाबला की पाण्यासारखा पळेल. भट्टी कमी ठेवा." तर हा म्हणतो, "काल जन्मलीस तू. मला माझी सुरी सांगते." जन्मभर तेच केलं ना! अर्धवट वितळलेल्या गोळ्यात सुरी घालायची, लोण्यात जावी तशी गेली की प्रेसमध्ये टाकून साच्यात दाबायचा. त्या दिवशीही तशीच गेली म्हणे. ताकात जावी तशी गेली असेल, पण कबूल करेल तर तुझा बाप कसला! साच्याच्या फटीतून उडालं ते थेट तोंडावर. चष्मा कपाळावर चढवलेला.

धातू खराब नव्हता, ठके. वेगळा होता. हे तुला कळतं, मला कळतं, आणि त्यालाही कळतं.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. दोन्ही गेले. मी त्याला रोज सांगते, सूज उतरायचीय अजून. सूज केव्हाच उतरली. काल संध्याकाळी म्हणाला, "आई, आज जरा उजेड वाटतोय." मी दिवाच लावला नव्हता.

तू खोटं बोललीस तर आहे ती नोकरी घालवशील, आणि त्याचे डोळे काही येत नाहीत. खरं बोललीस तर स्वतःची चूक तो लेकीच्या तोंडून ऐकेल. दोन्ही नको.

आत्ताच विचारलं त्याने, "'लवकर ये' लिहिलंस ना?"

म्हटलं, लिहिलं.

"ठळक लिही."

म्हटलं, गिरवलंय. तर कागद ओढून घेतला आणि ओळींवरून बोट फिरवत बसला.

शुक्रवारी दारात खुर्ची टाकून बसेल. शिव्या मी खाईन, सवय आहे.

येऊ नकोस.

त्याची आई