एक मूळ आहे, असं मी सांगितलं

८ जानेवारी, गुरुवार

परत तेच. दादा म्हणतो, तू आठवी नापास, तू पोरीला गणित शिकवणार? मी म्हटलं, तू दहावी पास होऊन काय दिवे लावलेस. त्याने फोन वहिनीच्या हातात दिला आणि गेला अंगणात.

मुद्दा बाजूलाच राहतो दरवेळी. गावातली शाळा पाचवीपर्यंत. हायस्कूल सहा किलोमीटर, सकाळची एसटी एकच, तीही आली तर. दादाचं म्हणणं, गौरी त्या निवासी शाळेच्या परीक्षेत निघाली तर जाऊ दे, तिथं राहणं-खाणं-शिकणं सगळं फुकट. नाही निघाली तर पाचवी बस्स. घरी राहील, धाकट्याला सांभाळील, वहिनी काजूच्या कारखान्यात जाईल. स्वतःच्या मुलीबद्दल बोलतो, जशी काही काम संपल्यावर उरलेली टाइल, ठेवायची कुठं.

मी पण असाच घरी बसलो होतो आठवीनंतर. तेव्हा कोण भांडलं माझ्यासाठी? जाऊ दे.

परीक्षा १७ ला.

९ जानेवारी, शुक्रवार

साडेसहाला बस दुबईच्या कामगार कॅम्पवर. तिकडे गावी आठ वाजलेले. गौरीला दहा मिनिटं फोन मिळतो, त्यात पाच मिनिटं नेटवर्क.

मूळ संख्या आणि संयुक्त संख्या तिला कळत नव्हत्या. पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. म्हटलं, पुस्तक मीट, चिंचोके आण. बारा घे आणि टाइल लावल्यासारखे लाव, चौकट पूर्ण झाली पाहिजे, कडेला भोक राहता नये. तिने तीन ओळी चार-चारच्या लावल्या. मग दोन ओळी सहा-सहाच्या. म्हटलं, आता सात घे. खूप वेळ नुसता चिंचोक्यांचा आवाज. मग म्हणाली, "काका, सातची चौकट होतच नाही. नुसती पट्टी होते."

पट्टीच होणारी ती मूळ. चौकट होणारी ती संयुक्त. खलास. सहा वर्षं गुडघ्यावर बसून टाइल लावताना मी हेच करतोय, त्याला नाव आहे हे आज कळलं.

नऊला फसेल वाटलं होतं, विषम आहे म्हणून. नाही फसली. तीन त्रिक नऊ लावून मोकळी.

मग विचारलं, एकाचं काय? मी म्हटलं, एकाची कसली चौकट, एक मूळ. ती म्हणाली, बाई सांगतात एक मूळ पण नाही आणि संयुक्त पण नाही. मी म्हटलं, मग काय हवेत लटकतोय? तुझ्या बाईंनी जन्मात एक टाइल तरी लावलीय का?

हसली. तिला हसवलं की बरं वाटतं.

११ जानेवारी, रविवार

सुट्टी. कपडे धुतले. अर्धा तास मिळाला आज, दादा बाजारात गेला होता म्हणून.

विभाज्यतेच्या कसोट्या. दोन, पाच, दहा तिला येतात. तीनची आणि नऊची मलाच येत नव्हती, तिच्याच पुस्तकातून तिनेच वाचून दाखवली, मी नुसतं हं हं केलं. अंकांची बेरीज करायची. ४२० सेंटीमीटरची भिंत, ६० ची टाइल, सात बसतात, कट नाही. हे मला झोपेत येतं. पण ४२० ला तीनने भाग जातो हे चार अधिक दोन अधिक शून्य करून कळतं, हे कुणी सांगितलंच नाही कधी. सांगितलं असेल. मी शाळेच्या मागे असेन.

शेवटी दादा आला. घरभर चिंचोके बघून पेटला. धाकट्याने एखादा गिळला तर तुझा काका येणार आहे का दुबईहून? गौरी म्हणाली, तो गिळत नाही, नाकात घालतो. फोन बंद.

खोलीतला रमेश बीडचा. सगळं ऐकत पडलेला असतो. आता मला गुरुजी म्हणतो. गुरुजी, डाळ जळतेय.

१६ जानेवारी, शुक्रवार

अल बर्शाला एका फ्लॅटमध्ये बाथरूमचं काम. मराठी माणसं, पुण्याची. मॅडमना कळलं मी मराठी, तर अय्या म्हणाल्या, चहा दिला. कागदाच्या कपात. त्यांचे चिनी मातीचे मग समोरच टांगलेले होते.

शुक्रवार, शाळा अर्धी. मुलगा गौरीएवढाच, हॉलमध्ये जमिनीवर पडून गणिताचा कागद सोडवत होता. बघितलं तर तेच, प्राइम नंबर. मला राहवलं नाही. उरलेल्या लहान टाइल घेऊन बसलो त्याच्यासमोर. बाराची चौकट, सातची पट्टी. पोरगं खूश. मॅडम म्हणाल्या, बघ, टाइलवाल्या अंकलनासुद्धा येतं, आणि तुला महिन्याला सहाशे दिरहमची ट्यूशन. म्हणजे चौदा-पंधरा हजार रुपये, असं मलाच समजावून सांगितलं त्यांनी.

मी फुशारलो. म्हटलं, वन भी प्राइम है.

"नो अंकल. वन इज नॉट प्राइम." वर बघितलंही नाही त्याने. मी म्हटलं, कैसे नहीं. त्याने सातची पट्टी आडवी होती ती उभी केली. सी, टू वेज. मग एकच टाइल घेतली, आडवी ठेवली, उभी ठेवली. सेम. ओन्ली वन वे. प्राइमला भाग जाणारे दोन पाहिजेत, एक तो आणि एक वन. वनकडे दोन नाहीत.

माझ्याच टाइलवर दाखवलं. मी उठून टाइलांच्या फटींत ग्राउट भरायला गेलो.

संध्याकाळी. वर लिहिलं ते जेवायच्या आधी, आता फोन झाला.

दादा शेजारीच बसला होता, फोन स्पीकरवर. गौरी म्हणाली, "काका, एक मूळ ना? मी बाईंशी भांडले आज. मी तुझंच लिहिणार." मागून दादा म्हणाला, सांगा, सर.

मी हो म्हणालो. हो, आणि झोप लवकर.

दुसरं काही म्हणता आलं असतं. चार शब्द होते. दादा हसला असता, बस, एवढंच झालं असतं.

येणार नाही तो प्रश्न.

१७ जानेवारी, शनिवार

आला. १ ते २० मध्ये मूळ संख्या किती. पर्यायात आठ पण होते, नऊ पण. तिने नऊ केलं. फोनवर पाढ्यासारखं म्हणून दाखवलं, एक, दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस. बाकी पेपर सगळा आला म्हणते. खूप खूश.

मी शाब्बास म्हटलं.

२५ जानेवारी, रविवार

आठवडाभर फोन केला नाही. ओव्हरटाइम आहे म्हणून सांगितलं. ओव्हरटाइम नव्हता.

बाईंनी शाळेत पेपर फळ्यावर सोडवून घेतला. गौरीला तिथं कळलं, सगळ्या वर्गासमोर. आज फोन केला तर आवाज वेगळाच. मी म्हटलं, चुकलं माझं, एक मूळ नाही.

"तुला कधी कळलं?"

खोटं तोंडावर आलं होतं. म्हटलं, आदल्या दिवशी दुपारी.

 मागे धाकटा रडत होता. मग म्हणाली, "संध्याकाळी मी विचारलं होतं." मी म्हटलं, बाबा शेजारी होते ना तुझे. तिने फोन खाली ठेवला, बंद नाही केला, नुसता ठेवला. व्हिडिओत छताचा पत्रा दिसत होता.

दादाने उचलला. मी तयार होतो. शिव्या घालेल, सर म्हणेल. तर म्हणतो, राहू दे सुन्या, एका मार्काने काय होतंय. आयुष्यात पहिल्यांदा समजुतीने बोलला, आणि तेच सहन होईना. मी म्हटलं, मग नाही निघाली तरी हायस्कूलला घाल. तर म्हणाला, ते वेगळं.

१ फेब्रुवारी, रविवार

निकाल मार्चमध्ये. बाईंचा नंबर वहिनीकडून घेऊन फोन केला. मी गौरीचा काका, असं सांगितलं. मग म्हणाल्या, चौकटीची पद्धत चांगली होती, मी वर्गात वापरते आता. मार्काचं विचारलं. म्हणाल्या, जागा कमी असतात, कधीकधी एकावरच अडतं. मी माफी मागणार होतो, तोवर त्यांची तासाची घाई... रविवारी कसला तास. त्यांनाही नको असेल बोलायला.

गौरी फोनवर येत नाही. वहिनी म्हणते, अभ्यास करतेय. परीक्षा होऊन गेली, कसला अभ्यास.

वहिनीला म्हटलं, तालुक्याला सायकलची चौकशी कर, मुलींची, पुढे टोपली असलेली. सहा किलोमीटर म्हणजे पाऊण तास, चढ धरून. दादा मागून म्हणाला, सायकल घे नाहीतर विमान घे, ती जाणार की नाही ते मी ठरवणार. गौरी तिथंच असणार. तिने काही म्हटलं का, ते ऐकू आलं नाही.

दुपारी पैसे पाठवायला एक्स्चेंजला जाऊन लाइन लावली. यावेळी दादाच्या खात्यावर नाही, वहिनीच्या. घरखर्चाचे नेहमीचे महिनाअखेरीला जातील ते वेगळे. हे फक्त सायकलचे, आणि वह्यांचे. चारशे दिरहम, म्हणजे नऊ हजार आठशे.