दिवेलागणीनंतरची फियाट

आगाशी,
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्लासिड, प्रिय जोआना,

तुम्हा दोघांची पप्पांवर एकच तक्रार आहे. आईच्या शेवटच्या संध्याकाळी गाडी अंगणात उभी होती, टाकीत पेट्रोल होतं, आई पलंगावर तळमळत होती आणि त्यांनी गाडी काढली नाही. बत्तीस वर्षं ही तक्रार तुम्ही उराशी धरून आहात. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ती अर्धी आहे. उरलेली अर्धी आज सांगते.

आधी घरची खुशाली. मी बरी आहे. विहिरीचं पाणी अजून गोड लागतं, पण पलीकडच्या भरावामुळे या वर्षी ते अंगणापर्यंत चढलं होतं. रविवारी मृतांच्या दिवशी कबरस्तानात गेले. आईच्या आणि पप्पांच्या कबरीवर झेंडू घातला, मेणबत्त्या लावल्या. पप्पांच्या कबरीची माती अजून बसलेली नाही. प्लासिड, तू विचारलंस त्या फियाटचं: ती गेली. वालीवचा भंगारवाला सोमवारी क्रेन घेऊन आला होता. "त्या डब्याचं तोंडही बघायचं नाही," असं तू मेलबर्नहून लिहिलंस. आता तुला ते बघावं लागणार नाही.

तुम्ही म्हणाल, ताई फोन का करत नाही? फोनवर माझा आवाज चढतो. मग जोआना म्हणते, "झाली सभा सुरू!" आणि प्लासिडचं नेटवर्क जातं. तुम्हा दोघांना हसून टाळता येणार नाही असं मला काही सांगायचं आहे, म्हणून हातानं लिहिते आहे, एकच मजकूर दोनदा. प्लासिड, तुझी प्रत पोचायला वेळ लागेल. जोआनाची प्रत आज दुपारी तिच्या हातात पडेल. शेजारची प्रीतल तिच्या नायगावलाच कामाला जाते, तिच्याकडे देते आहे.

घाई रॉबर्टसाठी आहे.

प्लासिड, तुला कळलं नसेल. आपल्या जोआनाचा रॉबर्ट रविवारी आजोबांच्या कबरीवर आला होता, नव्या गाडीतून. तीन महिन्यांपूर्वीच फादरांनी तिच्यावर तीर्थ शिंपडलं होतं. परत जाताना, सूर्य नुकताच बुडाला होता तेव्हा, त्यानं एका म्हाताऱ्याच्या सायकलला धडक दिली. म्हाताऱ्याचा कोपर मोडला. बिचारा केळीच्या बागेतून घरी चालला होता. जोआना मला फोनवर म्हणाली, "मोबाइलमध्ये बघत असेल गं, आजकालची पोरं." मी रॉबर्टलाच विचारलं. तो म्हणाला, "मावशी, शपथ, मोबाइल खिशात होता. तो माणूस एकदम आला. होताच कुठे तो?"

होताच कुठे तो. हे शब्द मी पूर्वी ऐकले होते.

मी त्याला म्हटलं, अंधारात गाडी चालवू नकोस. तो हसला. "मावशी, तू सभेत त्या पाणी उपसणाऱ्या टँकरवाल्यांना घाबरव. मला वालीवहून सुटतानाच सहा वाजतात, मग काय कंपनीतच झोपू?" बरोबर आहे त्याचं. कारण न सांगता कोणी कोणाचं का ऐकावं? मीही कुणाचं ऐकलेलं नाही.

तर कारण ऐका.

मी आयुष्यात पहिली चालवलेली गाडी म्हणजे तीच दुधी रंगाची फियाट. तुम्हाला राग होता की पप्पांनी ती फक्त मला दिली. प्लासिड, तू तर अंगणात उभ्या गाडीत बसून तोंडानं भुर्र करायचास आणि पप्पा तुला कान धरून बाहेर काढायचे. गावही बोलायचं. फ्लोराआत्या कुंपणापलीकडून ओरडायची, "कार्मिन, पोरीला तोंड दिलं देवानं, तू आता चाक पन दे! मग नवरा कोन देनार तिला?"

नव्वद साली मी अठरा वर्षांची होते. पप्पा मला ओहोटीच्या वेळी कळंबच्या किनाऱ्यावर नेत. "ओल्या वाळूवर ठेव. कोरडीवर गेलीस की रुतलीस." गियर स्टीअरिंगखाली होता, तो ओढताना माझा दंड भरून यायचा. माझ्या बुडाखाली आईनं शिवलेली उशी असे, कारण तिच्याशिवाय मला बॉनेटपलीकडचं काही दिसायचं नाही. समोर नुसता किनारा. ना माणूस, ना खांब, ना वळण. क्लच सोडला आणि गाडी पहिल्यांदा माझ्या पायानं पुढे गेली तेव्हा मी इतक्या जोरानं ओरडले की पप्पांनी हँडब्रेक ओढला. नंतर मी हजारो माणसांसमोर बोलले, टाळ्या घेतल्या, पण तसा आनंद पुन्हा झाला नाही. वाटलं, बापानं मला मुलगा मानलं. मोकळ्या विचारांचा बाप मिळाला म्हणून पुढे कितीतरी भाषणांत मी त्यांचं उदाहरण दिलं.

महिन्याभरात कळलं की गोष्ट वेगळी होती.

अर्नाळ्याची एक कोळीण आपल्या वाडीत माहेरपणाला आली होती. दिवेलागणीला तिला कळा सुरू झाल्या आणि माणसं धावत आपल्या दारात आली. गावाची रीतच होती ती. नवरी चर्चला न्यायची तर कार्मिनची फियाट, बाळंतीण दवाखान्यात न्यायची तर कार्मिनची फियाट. भाडं कोणी विचारायचं नाही, पप्पांनी कधी सांगायचं नाही. त्या दिवशी पप्पा चाकावर बसले, मला बाजूला बसवलं. वाडीच्या शेवटी क्रुसाजवळ त्यांनी गाडी थांबवली आणि हलकेच म्हणाले, "ग्रेसी, इकडे ये. तू घे."

"मी? वाळूवर शिकलेय मी पप्पा!"

"रस्ता वाळूपेक्षा सोपा. तू बस."

मागे ती बाई कण्हत होती. तिची आई म्हणाली, "कोन चालवते गो? पोर चालवते?" पप्पा म्हणाले, "मी तिचा हात धरलाय," आणि खरंच त्यांनी गियरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं. त्यांनी सांगितलं.

पप्पांना अंधारात दिसत नव्हतं. दिवसा चांगलं दिसायचं, म्हणून कोणाला संशय आला नाही. दिवेलागण झाली की त्यांच्यापुढे फक्त समोरचा एक गोल उरायचा, तोही धुरकट. बाजूचं सगळं काळं. त्यांच्या मामांना असंच होतं. ते शेवटी काठी घेऊन चर्चला यायचे. आदल्या वर्षी पप्पांनी एका वासराला गाडी ठोकली होती. "होतंच कुठे ते?" असं ते मला विचारत होते, जणू मी तिथे होते.

तेव्हापासून आमचा ठरलेला रिवाज झाला. क्रुसापासून पुढे मी चालवायची. परतताना क्रुसापाशी थांबून जागा बदलायची आणि वाडीतला शेवटचा तुकडा पप्पा चालवायचे, बैलगाडीच्या वेगानं, निव्वळ आठवणीवर. गाव बघायचं आणि म्हणायचं, "गाडी जपावी तर कार्मिननं! धक्का म्हनून लागत नाय." त्या सावकाशीसाठी नवऱ्या मुली त्यांचीच गाडी मागायच्या. आंधळेपणाला आपलं गाव काळजी समजलं. मी मागे बसून ते कौतुक ऐकायची.

"सांगून टाका ना सगळ्यांना," मी एकदा भांडले. तेव्हाही मी भांडखोरच होते. ते म्हणाले, "घरात दोन मुली आहेत. मामाच्या घरचे डोळे आपल्या घरात आले हे कळलं तर जोआनाला कोण करील? तुझं तू बघशील, तुला तोंड आहे. तिचं काय?" आणि त्यांनी मला आईसमोर शपथ घातली. आईला माहीत होतं. आईला सगळं माहीत होतं.

आता ती संध्याकाळ. त्र्याण्णवचा ऑगस्ट. मी मुंबईला वक्तृत्व स्पर्धेच्या अंतिम फेरीत होते. जाऊ की नको असं मी करत होते, कारण आईला दोन दिवस बरं नव्हतं. तिनंच मला साडी नेसवून स्टेशनवर पिटाळलं. प्लासिड, तू पंधरा वर्षांचा होतास, तू तिथे होतास, म्हणून तुझं मन मला कळतं. आईच्या छातीत कळ आली. पाऊस पडत होता. आगाशी नाक्यावरून रिक्षा यायला किती वेळ लागला ते तुला मिनिटामिनिटानं आठवतं. तू पप्पांच्या पायांना मिठी मारलीस. "पप्पा, काढा ना गाडी! काढा ना!" आणि ते ओट्यावर पुतळ्यासारखे उभे राहिले.

तू एक गोष्ट नेहमी सांगतोस. आई आतून ओरडली होती, "त्यांना गाडीत बसू देऊ नका!" तू त्याचा अर्थ लावलास की नवऱ्याचा तिला इतका तिटकारा आला होता. बाळा, तिला तुमची भीती वाटत होती. तुम्ही दोघं तिला सोडून घरी थांबणार नव्हता, मागच्या सीटवर तिच्या उशापायथ्याशी बसणार होता. त्या पावसात, त्या काळोखात, नाल्याच्या कडेनं. तिनं स्वतःचा जीव आणि तुम्ही दोघं यांत निवड केली. पप्पांनी तिचं ऐकलं. उभं राहण्याइतकं कठीण काम त्या माणसानं आयुष्यात दुसरं केलं नाही.

रिक्षा आली तेव्हा आई बोलत होती. पोचेपर्यंत ती गेली.

मी दुसऱ्या दिवशी ढाल घेऊन घरी आले.

त्यानंतर पप्पांनी दिवसासुद्धा गाडी चालवली नाही. गावाला वाटलं, बायकोच्या दुःखानं. तुम्हाला वाटलं, लाजेनं. मी कितीदा म्हटलं, प्लासिडला तरी सांगा. ते म्हणायचे, "जोआनाचं लग्न होऊ दे." लग्न झालं. मग म्हणाले, "तिचं मूल होऊ दे, आता सांगितलं तर सासरचे ऐकवतील." मूल झालं. मग त्यांनी विषयच बंद केला. अन्यायावर गप्प बसू नका असं मी गावोगाव सांगत फिरले, आणि माझ्याच बापावर रोज होणारा अन्याय जेवणाच्या टेबलावर माझ्या समोर बसून जेवत होता. शपथ कसली पाळता, असं मी दुसऱ्या कोणाला खडसावलं असतं.

मागच्या महिन्यात पप्पांना माती देताना सगळं गाव रांगेत उभं होतं. फादरांनी दिली, मी दिली, जोआनानं रडत रडत दिली. प्लासिड, तू खिशात हात घालून उभा राहिलास. फ्लोराआत्या नव्वदीला टेकली आहे, तिनं तुझ्या वाटची म्हणून दुसरी मूठ टाकली आणि पुटपुटली, "जा कार्मिन, पोरगं थकलंय." मी तुला दोष देत नाही. अर्ध्या माहितीवर तू पूर्ण माणूस तोलत होतास. काटा चुकीचा होता आणि तो मीच तुझ्या हातात राहू दिला.

एवढ्यावरच थांबायचं होतं. पण आणखी एक आहे, ते मी दोन पानं टाळत आले.

वर्षभरापासून मला व्यासपीठावरून फक्त समोरची रांग दिसते. कडेची माणसं मध्येच गायब होतात. संध्याकाळच्या सभेत पायरी चुकले, तुम्हाला म्हटलं चप्पल तुटली. पप्पा गेल्यावर मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. "घरात कोणाला आहे?" त्यांनी विचारलं. "वडिलांना," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा हे मोठ्यानं म्हटलं, तेही परक्या बाईसमोर. हा जीवनसत्त्वाच्या गोळीनं जाणारा रातांधळेपणा नाही, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. आपल्या घरात तो ज्या वाटेनं चालत आला आहे त्यावरून बाई म्हणाल्या की बापाकडून तो मुलाला जात नाही. प्लासिड, तू आणि तुझी मुलं यातून सुटलात. तो मुलींकडून जातो. मुलींना स्वतःला थोडा त्रास होतो, कधी होतही नाही. त्यांच्या मुलग्यांना मात्र तो पुरता गाठू शकतो. गाठेलच असं नाही, तपासल्याशिवाय कळत नाही.

माझा वंश माझ्याबरोबर संपेल. जोआना, तुझा रॉबर्ट आहे.

मी रागीट बाई आहे, मला कोणावर तरी ओरडायची सवय आहे. यावर ओरडायला कोणी नाही. पप्पांनी तुझं लग्न वाचवायला जे लपवलं, तेच आज तुझ्या मुलाच्या गाडीपुढे अंधारात उभं आहे. त्यांनी ते प्रेमानं लपवलं. प्रेमानं लपवलेल्या गोष्टीही माणसं मारतात. रविवारी कोपर मोडला. उद्या काय मोडेल?

हे रॉबर्टला मी सांगितलं तर तो मावशीचं भाषण समजेल. आईनं सांगितलं तर ऐकेल. फोनवर नको. तो हसेल, मग रागावेल, आणि रागातच चाकावर बसून घरी यायला निघेल. तपासणी, औषध, नोकरी, सासरी काय सांगायचं, सगळं नंतर बघू, मी बरोबर येईन. आज एकच काम.

त्याची शिफ्ट सहाला सुटते. हल्ली सहालाच काळोख होतो. जोआना, हे वाचून झालं की चप्पल घाल, रिक्षा कर, वालीवला कंपनीच्या फाटकावर जाऊन उभी राहा आणि त्याला गाडीत बसू देऊ नकोस. ऊठ. निघ.

तुमच्यापासून हे राखून ठेवलेली,
तुमची ताई
ग्रेसी