भुशाची पेटी

आत्याबाई, मला ओळखलंत का? नसेलच ओळखलं. जिवंतपणी डोक्यावरची चुंबळ डोक्यावरच असताना तुम्ही ती घरभर शोधायचात, तिथं एवढ्या वर्षांनी सून कुठली आठवणार? मी तुमची सून. तीच, जिची भाकरी बघून तुम्ही म्हणायचात, "भाकर थापलीस का तालुक्याचा नकाशा काढलास?" आता भाकरी गोल येते, पण ती बघायला तुम्ही नाही. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी बोलते आहे आणि माझी नात लिहिते आहे. तुम्हालाही वाचता येत नव्हतं, तेव्हा तिकडे कुणी वाचून दाखवणारा मिळतो का ते तुमचं तुम्ही बघा.

निमित्त असं झालं की या नातीनं परवा विजेवरचं एक भांडं आणलं. जाड मातीच्या मडक्यासारखं, वर काचेचं झाकण. सकाळी त्यात डाळ, मटकी, काय असेल ते घालायचं, बटण दाबायचं आणि कामाला जायचं. संध्याकाळी येऊन बघावं तर सगळं मऊ शिजलेलं. ती मला शिकवायला बसली, "आजी, यात घाई करायची नाही, मधेमधे झाकण उघडायचं नाही, भांडं निम्म्याहून रिकामं ठेवायचं नाही." मी ऐकत होते आणि माझ्या कानात तुमचा आवाज येत होता. शब्दसुद्धा तेच, फक्त तुमच्या तोंडी प्रत्येक वाक्यापुढे "आगं येडे" असायचं. मी तिला म्हटलं, हे मला एकदा शिकवून झालंय. कुणी शिकवलं, म्हणाली. म्हणून हे पत्र.

तो बहात्तरचा दुष्काळ. आपल्या पारनेरच्या बाजूला पाऊस तसाही हात आखडूनच पडतो, पण त्या साली त्यानं तोंडच दाखवलं नाही. दोन बैलांतला एक विकलेला, एक दारात उभा, त्याच्या बरगड्या लांबून दिसायच्या. जनावरं गेली तसं शेण गेलं, शेण गेलं तशा गोवऱ्या गेल्या, आणि चुलीला लावायला उरली काटक्याकुटक्यांची एका वेळची आग. रेशनवर ती परदेशातली लाल मिलो ज्वारी मिळायची. त्या मिलोची भाकरी तव्यावर टाकली की तुटायची, तोंडात घातली की वाळू खाल्ल्यासारखी लागायची. मी आणि तुमचा लेक सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो ते दिवस मावळताना परत यायचो. घरी तुम्ही, मामंजी आणि माझी तीन वर्षांची पोरगी.

पोरीला गोवर आला आणि गेला, पण जाताना तिला निम्मी घेऊन गेला. तोंड आतून सोललेलं. भाकरीचा तुकडा ओठाला लावला की मान फिरवायची, पाण्यात कुस्करून दिला तर ओकायची. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, मऊ आणि गरम द्या, थोडं थोडं, दिवसभर. सांगायला काय जातं! सकाळी आग पेटायची ती आमच्या भाकरीपुरती. दुपारी गरम द्यायचं म्हणजे काय जाळायचं, घराचं आढं?

तेव्हा तुम्ही बाजारातून चहाचं रिकामं खोकं आणलंत, आतून चंदेरी कागद लावलेलं. कणगीच्या तळाला आदल्या सालचा थोडा भुसा होता, तो त्यात दाबून भरलात आणि मधे पातेलं बसेल एवढी खळगी केलीत. मी तुमच्याकडे बघतच राहिले. म्हणालात, "बघतीस काय? माझी आय खळ्यावर भुशाच्या ढिगात असंच उकळतं मडकं पुरायची. दुपारपातूर आपसूक शिजायचं. औंदा खळं न्हाई तर खोकं."

शिकायला मला वेळ लागला, हे कबूल. रात्री मिलोच्या कण्या भिजत घालायच्या, सकाळी त्यांना चुलीवर खदखदून उकळी द्यायची. किती वेळ, विचारलं तर तुम्ही म्हणालात, एक ओवी म्हणून होईपर्यंत. मी ओवी घाईघाईनं म्हटली, तर कण्या दाताखाली कचकच राहिल्या. दुसऱ्या खेपेला पोरीपुरत्याच करायच्या म्हणून निम्मं पातेलं ठेवलं, ते दुपारी थंडगार निघालं. "आगं येडे, निम्मं भांडं गारठतं. गळ्यापातूर भर. पोरीला पुरून उरंल ते मामंजीला घाल, त्यांचं तरी दात कुठं धड हायती?" तिसऱ्या खेपेला मला राहवेना, कामावर निघता निघता गोधडी बाजूला सारून झाकण उचललं. वाफ भसकन तोंडावर आली आणि मागून तुमची थाप पाठीवर. "चूल नवऱ्यावानी असती, सारखी फुंकावी लागती. पेटी बाईमानसावानी. एकदा तापली की दिसभर घर सांभाळती. तिच्या आत डोकवायचं न्हाई." मी म्हटलं, "आणि सासू कशावानी असती, आत्याबाई?" तुम्ही हसला नाहीत, पण तोंड फिरवलंत. ते कशासाठी, हे मला पाठीमागूनही कळलं.

पेटीतल्या कण्या मऊ व्हायला लागल्या. पण पोरगी खाईल तर ना. एक घास जिभेवर ठेवायची आणि तसाच बाहेर. अंगातला ताप उतरला तरी ती वर बघेना. मी रोज संध्याकाळी येऊन आधी तिचे पाय हातात धरायचे. चिमणीच्या पायांसारखे झाले होते.

मग तो चैत्रातला दिवस. सकाळी तिनं डोळेच उघडले नाहीत नीट. मी कामावर जाणार नाही म्हणून उंबऱ्यात बसून राहिले. तुम्ही पातेलं भुशात पुरलंत, वर गोधडी, गोधडीवर फळी, फळीवर दगड, आणि मला म्हणालात, "ऊठ. हितं बसून तिचं पोट भरनार हाय का? खाडा झाला तर कामावर खायला मिळती ती सुकडी बी जाईल. जा. मी हाय." तुमच्या 'मी हाय'वर मी गेले.

पुढचं मी बघितलेलं नाही, मामंजींनी मागून सांगितलं, तेही तुम्ही अंगावर धावून गेल्यावर. तुम्ही आडावर पाण्याच्या रांगेत होता. पोरगी झोपलेली. दारात बैल हंबरत होता, रिकामी गव्हाण चाटत होता. मामंजींच्या मनात काय आलं कोण जाणे. त्यांनी दगड काढला, फळी काढली, गोधडी काढली, पातेलं उचलून जपून उंबऱ्यावर ठेवलं आणि पेटीतला सगळा भुसा बैलापुढे ओतला. वर म्हणतात कसे, "बायकांनी बैलाचा घास खोक्यात कोंडून ठेवला होता. मी पातेल्याला धक्का लावला न्हाई." त्यांच्या हिशेबी पातेलं वेगळं आणि भुसा वेगळा. भुशानं अन्न शिजतं, यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. ते म्हणायचे, सून चोरून चूल पेटवत असंल.

मी दिवस कलताना परत आले. तुमचा लेक मुकादमाकडे थांबला होता, मी पुढे. अजून दिसतं मला. अंगणातली भिंत उन्हानं तापून लाल झालेली, सावलीचा टिपूस नाही. त्या भिंतीला टेकून तुम्ही मांडी घालून बसला आहात. घरातल्या तिन्ही गोधड्या तुमच्या अंगाभोवती. तोंड घामानं न्हालेलं. आणि मांडीवर, दोन्ही हातांच्या कवेत, गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. वरून, खालून, सगळीकडून झाकलेलं. तोंडसुद्धा झाकलेलं.

तोंड कधी झाकतात ते मला माहीत होतं. मी फाटकातच खाली बसले. डोक्यावरची पाटी कुठे पडली, हातोडी कुठे गेली, काही कळलं नाही.  आणि तुम्ही माझ्याकडे बघता आहात आणि म्हणता आहात,

"तितं काय बसलीस? ताटली आन. पोरगी आत हाय, मघाधरनं भूक भूक करून जीव खातीया माझा. मला उठता येईना. उठले तर वाफ जाईल."

मी आत पळाले. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला बघून एवढंच म्हणाली, "कण्या." मांडीवरच्या गोधड्यांच्या घड्या तुम्ही एक एक उलगडल्यात, पातेलं बाहेर काढलंत आणि झाकण उचललंत तेव्हा वाफ आली. बारीक, पण आली. कण्या लोण्यासारख्या झाल्या होत्या. तुम्ही त्यात बोट बुडवून तिच्या जिभेवर ठेवलंत. तिनं गिळलं. आपण दोघी तिच्या गळ्याकडे बघत होतो. तिनं परत तोंड उघडलं. तिसऱ्या घासाला तिनं तुमचं बोटच चावलं आणि तुम्ही म्हणालात, "चाव, मुडदे, चाव."

रात्री मामंजी मान खाली घालून जेवत होते. तुम्ही भाकरी वाढताना म्हणालात, "बैलाला इचारा, पोट भरलं का. आमची पेटी त्याच्या पोटात हाय, उद्याच्याला कण्या बी त्याच्यातच ठेवू." मामंजी ठसकले. तुमचा लेक हसला. कित्येक दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं. दुसऱ्या दिवसापासून पेटीत जुन्या लुगड्यांच्या चिंध्या आणि वाळका पाला भरला, आणि पोरगी रोज थोडी थोडी वर बघायला लागली.

तुम्ही गेलात त्या दिवशी बायकांनी तुम्हाला न्हाऊ घातलं, पाणी मी घालत होते. तुमच्या पोटावर, बेंबीच्या जरा वर, काळपट गोल डाग होता. पातेल्याचं पोट टेकलं होतं तेवढा. कडेला कातडी गोळा झालेली. बायका एकमेकींना विचारायला लागल्या, हे कशाचं. मी त्या डागावर सावकाश पाणी सोडलं.  एवढं भाजलं होतं आणि तुम्ही त्या वेळी कुणाला तेलसुद्धा मागितलं नव्हतं.

नात विचारते, आजी, पत्त्याच्या जागी काय लिहू. काही लिहू नको. हे टपालात टाकायचं नाही. पण एक गोष्ट राहिली आहे, ती लिही. आत्याबाई, त्या सकाळी तुम्ही 'मी हाय' म्हणालात आणि मी निघाले, तेव्हा वाटेनं जाताना मी आपल्या वरच्या बांधावरची बाभळ मनात धरली होती. तिच्याखाली जमीन जरा मऊ आहे, खड्डा लवकर होईल, असं मी स्वतःशी म्हटलं होतं. मी तिची आई, आणि मी तिला सोडली होती. तुम्ही नव्हती सोडली. हे मी तुम्हाला सांगितलं नाही, तुमच्या लेकाला नाही, आणि त्या पोरीला तर नाहीच.

लिहिणारीचा हात थांबला आहे. ती त्याच पोरीची लेक ना. आता पुढचं तुला सांगते गं, हे पत्रात घालू नकोस. नाक पूस. ते तुझं विजेचं भांडं गळ्यापर्यंत भर आणि उद्या सकाळच्या एसटीनं कोपरगावला तुझ्या आईला डबा पाठव. तिची दाढ काढलीय. मुगाची खिचडी पाठव, चांगली आसट, वर तूप. आणि लिंबाचं लोणचं वेगळ्या डबीत दे. दाढ गेली असली तरी जीभ शाबूत आहे तिची.